स्कूबल की स्कीन्स? बेसबॉल सॅव्हंटवर हा वाद कितपत सुटतो

बेसबॉलमधला सध्याचा सर्वोत्तम पिचर (चेंडू टाकणारा) कोण, या वादात २०२५ च्या हंगामानंतर दोन नावं सगळ्यांच्या आधी येतात. एक डेट्रॉइट टायगर्सचा डावखुरा टॅरिक स्कूबल, दुसरा पिट्सबर्ग पायरेट्सचा पॉल स्कीन्स. दोघांनी आपापल्या लीगचा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवला, आणि स्कूबलचा तर हा सलग दुसरा. दोन्ही बाजूंचे लोक पुरावा म्हणून एकाच जागचं चित्र पुढे करतात: बेसबॉल सॅव्हंट या साइटवरचं खेळाडूचं पान, ज्यावर वरपासून खालपर्यंत लाल पट्ट्या दिसतात. आता पट्ट्या दोघांच्याही लाल आहेत. मग या साइटवरून निकाल कसा लावायचा, आणि ती कुठे फसवते, हे नीट पाहायला हवं.

बेसबॉल सॅव्हंट ही मेजर लीग बेसबॉलची स्वतःची साइट. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. तिच्यामागे स्टॅटकास्ट ही मोजणीची यंत्रणा आहे. २०१५ पासून ती सर्व मैदानांवर आहे आणि २०२० पासून हॉक-आयच्या कॅमेऱ्यांवर चालते. क्रिकेटमधल्या पायचीतच्या निर्णयामुळे आपल्याला माहीत असलेलं तेच हॉक-आय. प्रत्येक मैदानात १२ कॅमेरे असतात. चेंडू हातातून कुठे सुटला, किती वेगाने, किती फिरत, किती वळला आणि बॅटवरून कोणत्या कोनात निघाला, हे सगळं प्रत्येक चेंडूसाठी नोंदलं जातं. इतका कच्चा माल फुकट देणारं दुसरं ठिकाण या खेळात नाही, आणि एवढ्यासाठीच मी या साइटला फार वरचे गुण देतो. तक्रार आहे ती लोक ज्या कोपऱ्यात सर्वांत आधी जातात, त्या कोपऱ्याबद्दल.

तो कोपरा म्हणजे पर्सेंटाइलच्या पट्ट्या. १०० म्हणजे लीगमध्ये सर्वांत वर, ५० म्हणजे मधोमध, गडद लाल चांगलं, गडद निळं वाईट. दिसायला सोपं आहे, पण तुलना कोणाशी होते ते बघा. पिचरला या यादीत येण्यासाठी संघाच्या दर सामन्यामागे सरासरी १.२५ बॅटरना चेंडू टाकलेले असावेत एवढीच अट आहे. १६२ सामन्यांना हे जेमतेम २०३ बॅटर होतात. म्हणजे वर्षाला ५५-६० इनिंग (तीन बाद होईपर्यंतचा डाव) टाकणारा रिलीव्हर, म्हणजे मधूनच येणारा पिचरही, त्याच रांगेत उभा. तो येतो, १५-२० चेंडू जीव तोडून टाकतो आणि निघून जातो. सामना सुरू करणाऱ्या स्टार्टरला मात्र ९०-१०० चेंडू पुरवून टाकायचे असतात आणि त्याच बॅटरना दोनदा-तीनदा तोंड द्यायचं असतं. त्यामुळे वेग, स्ट्राइकआउटचं (हुकलेल्या किंवा सोडलेल्या चांगल्या चेंडूंवर, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद करणं) प्रमाण आणि व्हिफ (बॅट फिरवूनही चेंडू हुकणं) या तीन पट्ट्यांवर स्टार्टरची तुलना अशा लोकांशी होते ज्यांचं कामच वेगळं आहे. स्टार्टरचा ९० हा रिलीव्हरच्या ९० पेक्षा पुष्कळ मोठा असतो, पण पट्टीचा रंग तेवढाच राहतो.

दुसरी गोष्ट, बहुतेक पट्ट्या प्रमाण दाखवतात, काम किती झालं ते दाखवत नाहीत. फिलाडेल्फियाचा झॅक व्हीलर २०२५ मध्ये १४९⅔ इनिंगमध्ये १९५ स्ट्राइकआउट आणि २.७१ ईआरए (दर ९ इनिंगला दिलेल्या धावा, फिल्डरच्या चुकांच्या वगळून) असा टाकत होता. दर ९ इनिंगला ११.७ स्ट्राइकआउट, म्हणजे या बाबतीत स्कूबलच्याही पुढे. पण रक्ताच्या गुठळीमुळे ऑगस्टमध्ये त्याचा हंगाम संपला. पट्ट्यांना हे कळत नाही. तिकडे बोस्टनच्या गॅरेट क्रोशेने २०५⅓ इनिंग टाकून २५५ स्ट्राइकआउट घेतले, दोन्ही बाबतींत अमेरिकन लीगमध्ये पहिला. ५५ इनिंगांचं जास्तीचं ओझं उचलल्याचं श्रेय त्याला बहुतेक पट्ट्या देत नाहीत. याला अपवाद रन व्हॅल्यूच्या पट्ट्यांचा, त्यातही सर्वांत वरच्या पिचिंग रन व्हॅल्यूचा. ती प्रत्येक चेंडूमुळे किती धावा वाचल्या किंवा गेल्या याची बेरीज असते, त्यामुळे जास्त टाकणाऱ्याला जास्त मिळतं. पट्ट्यांपैकी एकच बघायची असेल तर हीच बघा. मात्र खाली चेंडूंच्या तक्त्यात दर १०० चेंडूंमागची रन व्हॅल्यू वेगळी दिलेली असते. ती पुन्हा प्रमाणात जाते, या दोन्हींची गल्लत करू नका.

एक्सपेक्टेड ईआरए ही पट्टी लोक सर्वांत जास्त उगाळतात. ती काय आहे ते समजून घेतलं तर अर्धे वाद थांबतील. बॅटवरून चेंडू किती वेगाने आणि कोणत्या कोनात निघाला, यावरून त्या फटक्याचं सरासरी मोल काढलं जातं. त्यात स्ट्राइकआउट आणि वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर बॅटरला मिळणारा फुकट बेस) मिळवतात आणि आलेला आकडा ईआरएच्या मापात बसवतात. मागचे फिल्डर कसे होते, धावपटू बेसवर अडकले की घरी पोहोचले, याच्याशी त्याचा संबंध नसतो. इथवर उत्तम. पण चेंडू डावीकडे गेला, उजवीकडे गेला की सरळ सेंटर फील्डला, हे हा आकडा विचारात घेत नाही. ओढून, म्हणजे बॅटर ज्या बाजूला उभा असतो तिकडे मारलेला उंच फटका रेषेजवळच्या कमी अंतराच्या कुंपणावरून होम रन होतो, आणि तोच फटका त्याच वेगाने सेंटरला गेला तर झेल होतो. बॅटरना चेंडू ओढूच न देणारा पिचर या आकड्यात आहे त्यापेक्षा साधा दिसतो. म्हणून ईआरए आणि एक्सपेक्टेड ईआरए यांच्यात फरक दिसला की लगेच 'नशीबवान' असा शिक्का मारण्याची घाई नको.

त्याऐवजी एक खरोखर उपयोगी पान आहे, ज्याकडे कोणी फिरकत नाही. आउट्स अबव्ह ॲव्हरेज हा फिल्डिंगचा तक्ता उघडा आणि वरच्या निवडीत फिल्डरऐवजी पिचर करा. आता प्रत्येक पिचरच्या मागे फिल्डरनी सरासरीपेक्षा किती आउट जास्त किंवा कमी मिळवून दिले ते दिसतं. ईआरए फिल्डिंगने फुगला की घटला, हे अंदाजाने बोलण्याऐवजी इथे मोजून सांगता येतं.

आता साइटचा खरा गाभा, स्टॅटकास्ट सर्च. पहिल्यांदा उघडल्यावर चौकटींचा एवढा ढीग समोर येतो की माणूस परत फिरतो. वादासाठी त्यातल्या पाच पुरतात. समजा दोन स्ट्राइक झाल्यावर कोण जास्त घातक, एवढंच बघायचं आहे. प्लेयर टाइपमध्ये पिचर ठेवा. सीझनमध्ये हवं ते वर्ष निवडा, आणि आधीपासून निवडलेलं चालू वर्ष काढून टाका. इथे सर्वांत जास्त चूक होते, कारण नवीन वर्षावर खूण केली म्हणून जुनी खूण जात नाही आणि दोन हंगामांची बेरीज तुम्ही एकाच हंगामाची समजून बसता. काउंटमध्ये (आधी बॉल, मग स्ट्राइक अशी मोजणी) ०-२, १-२, २-२ आणि ३-२ या चारही खुणा करा. पिचरच्या चौकटीत दोन्ही नावं टाका, ग्रुप बाय प्लेयर नेम ठेवा आणि शोधा. निकालाच्या ओळीवर क्लिक केलं की एकेक चेंडू उलगडतो आणि बहुतेकांचा व्हिडिओही दिसतो. तोच शोध चेंडूच्या प्रकाराने पुन्हा लावला की स्कूबलचा चेंजअप (फास्टबॉलसारखा टाकलेला, पण हळू येणारा चेंडू) नेमका कधी आणि कुठे पडतो, हे डोळ्यांनी पाहता येतं.

सीझन टाइप ही सहावी चौकट ऑक्टोबरच्या वादात निर्णायक ठरते. ती मुळात नियमित हंगामावर असते, प्लेऑफचे सामने आपोआप येत नाहीत. डॉजर्सच्या योशिनोबू यामामोटोचा दावा मांडायचा आणि ही चौकट तशीच ठेवायची, म्हणजे त्याचा मुख्य पुरावाच घरी विसरून येणं. त्याचा नियमित हंगाम १७३⅔ इनिंग आणि २.४९ ईआरएचा, उत्तमच. पण २०२५ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे अंतिम फेरीत, त्याने दुसरा सामना पूर्ण टाकून जिंकला, सहावा ९६ चेंडू टाकून जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात पुन्हा माउंडवर येऊन २⅔ इनिंग टाकून तोही जिंकला. सीरिजचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. स्कूबलचंही तसंच. प्लेऑफमध्ये सिएटलविरुद्धच्या पाचव्या सामन्यात ६ इनिंगमध्ये त्याने १३ स्ट्राइकआउट घेतले, संघ १५ इनिंगनंतर ३-२ ने हरला, आणि पुरस्काराच्या आकड्यांत यातलं काहीच नाही.

चेंडूंच्या नावांबाबत मात्र सावध राहावं लागतं. प्रत्येक चेंडूचा प्रकार संगणक ठरवतो: वेग, फिरकी आणि वळण बघून ठरलेल्या नावांपैकी एका खान्यात टाकतो. स्कीन्सचा गाजलेला स्प्लिंकर म्हणजे स्प्लिटर आणि सिंकर यांच्या मधला, ताशी नव्वदीच्या मध्यावरच्या मैलांच्या वेगाने येऊन खाली बुडणारा चेंडू. त्या नावाचा वेगळा खाना साइटवर नाही. याचा परिणाम वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. सिंकर हा फास्टबॉलच्या गटात मोजला जातो, स्प्लिटर हा ऑफस्पीडच्या, म्हणजे हळू चेंडूंच्या. म्हणजे एकच चेंडू कोणत्या खान्यात पडला यावर स्कीन्सची फास्टबॉल रन व्हॅल्यू आणि ऑफस्पीड रन व्हॅल्यू या दोन्ही पट्ट्या हलतात. त्या दोन पट्ट्या घेऊन त्याची इतर कोणाशी तुलना करू नका. त्याचा सिंकर आणि स्प्लिटर दोन्ही एकत्र निवडून शोध लावा, नाहीतर सरळ एकूण रन व्हॅल्यूवर या.

असंच आणखी एक: चेंडूची रन व्हॅल्यू त्या चेंडूच्या परिणामाची असते, त्याची तयारी करणाऱ्या चेंडूची नसते. स्कूबलच्या चेंजअपवर बॅटर आधीच बॅट फिरवून बसतो, कारण आधीचा फास्टबॉल त्याच्या डोक्यात असतो. श्रेय चेंजअपच्या खात्यात जातं. त्यामुळे 'अमक्याचा अमुक चेंडू जगात सर्वोत्तम' हे वाक्य या तक्त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. सिमिलर पिचर्स नावाची यादीही दर्जावरून बनलेली नाही. ती फक्त वेग आणि वळणाच्या सारखेपणावर बनते, तिच्यात नाव आलं म्हणजे पिचर तेवढ्या तोडीचा असं नाही.

एकेक सामना जवळून बघायचा असेल तर साइटवरच्या गेमफीडसारखं पान नाही. २५ मे २०२५ ही तारीख निवडा आणि डेट्रॉइट-क्लीव्हलंड सामना उघडा. त्या दिवशी स्कूबलने पूर्ण ९ इनिंग टाकल्या, २ हिट दिल्या, एकही धाव नाही, १३ स्ट्राइकआउट, आणि हे सगळं ९४ चेंडूंत. त्याच्या चेंडूंच्या तक्त्यात अगदी शेवटच्या ओळीवर या. ९४ वा चेंडू, गॅब्रिएल एरियस फसला, वेग १०२.६ मैल प्रतितास. आता त्याच तक्त्यात पहिल्या इनिंगचे फास्टबॉल वर जाऊन पाहा. थकण्याच्या वेळी वेग वाढवणारा स्टार्टर म्हणजे काय, हे कोणत्याही पर्सेंटाइलपेक्षा हा एक तक्ता जास्त स्वच्छ सांगतो.

जुन्या पिचरांना या वादात ओढणाऱ्यांसाठी एक सूचना. २०१७ पासूनचा वेग स्टॅटकास्टने मोजलेला आहे. २००८ ते २०१६ चे आकडे आधीच्या यंत्रणेचे असून ते हातातून सुटतानाच्या वेगाशी साधारण जुळवून घेतलेले आहेत. अर्ध्या-एक मैलाच्या फरकावर तिथे पैज लावू नये.

या साइटवर काय नाही, तेही सांगायला हवं. पट्ट्यांमध्ये समोरचे बॅटर कसे होते याचा हिशेब नाही. २०२५ मध्ये स्कूबलच्या गटात ६० विजयांवर थांबलेला शिकागो व्हाइट सॉक्स आणि ७० वर थांबलेला मिनेसोटा होते. स्कीन्सच्या गटात ९७ विजयांचा मिलवॉकी आणि ९२ विजयांचा शिकागो कब्ज. हा मुद्दा स्कीन्सच्या बाजूचा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. मैदानांचे गुणोत्तर (कोणतं मैदान धावांना किती पोषक, याचे आकडे) स्वतंत्र पानावर आहेत, डावखुऱ्या-उजव्या बॅटरनुसार वेगळे बघता येतात, पण ते तुम्हाला स्वतः जोडून घ्यावे लागतात. या जोडीच्या बाबतीत तसं केल्याने फार काही हलत नाही. पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कमध्ये डाव्या-मध्य बाजूचं कुंपण ४१० फुटांवर, डेट्रॉइटच्या कोमेरिका पार्कमध्ये सेंटर फील्डचं ४१२ फुटांवर. दोघंही आपल्या अंगणात सुखी. फोनवर मात्र ही साइट वापरणं जिकिरीचं आहे. तक्ते रुंद आहेत, सर्चच्या चौकटी बोटाखाली हरवतात. सर्च लॅपटॉपवरच करावा.

एफआयपी (फिल्डिंगचा वाटा वगळून पिचरचं मोल काढणारा) हा आकडा पट्ट्यांत नाही, पण या वादात तो लागतोच. हाताने काढायला दोन मिनिटं लागतात. होम रन गुणिले १३, त्यात वॉक गुणिले ३ मिळवा, त्यातून स्ट्राइकआउट गुणिले २ वजा करा, आणि इनिंगने भागा. चेंडू अंगावर लागलेले बॅटर आणि शेवटी मिळवायचा ठरावीक आकडा इथे सोडून देऊ. स्कूबलचे २०२५ मध्ये १८ होम रन, ३३ वॉक, २४१ स्ट्राइकआउट, १९५⅓ इनिंग: २३४ अधिक ९९ वजा ४८२, म्हणजे उणे १४९, भागिले १९५.३, उणे ०.७६. स्कीन्सचे ११ होम रन, ४२ वॉक, २१६ स्ट्राइकआउट, १८७⅔ इनिंग: १४३ अधिक १२६ वजा ४३२, उणे १६३, भागिले १८७.७, उणे ०.८७. जितका आकडा खाली तितका चांगला, म्हणून स्कीन्स किंचित पुढे. आणि हा सगळा फरक ७ होम रनचा आहे हे लक्षात घ्या. ते बाजूला ठेवले तर दर ९ इनिंगला स्कूबलचे ११.१ स्ट्राइकआउट आणि १.५ वॉक, स्कीन्सचे १०.४ आणि २.०. होम रनचा आकडा वर्षागणिक फार हलतो, स्ट्राइकआउट आणि वॉक बरेच टिकून राहतात. म्हणून सॅव्हंटवर होम रनऐवजी बॅरलची टक्केवारी बघावी. किमान ९८ मैल वेगाने आणि २६ ते ३० अंशांच्या कोनात निघालेला फटका बॅरल, वेग वाढेल तशी कोनाची मर्यादा रुंदावते. कुंपण जवळ की दूर, याने बॅरल बदलत नाही.

माझा कौल स्कूबलला आहे, आणि तो कामाच्या भारामुळे. २०२४ आणि २०२५ मिळून ३८७⅓ इनिंग, ४६९ स्ट्राइकआउट. त्याच काळात स्कीन्सचे ३२०⅔ आणि ३८६, कारण २०२४ मध्ये त्याचं पदार्पणच ११ मे रोजी झालं. पण केवळ २०२५ घेतलं तरी स्कूबलच्या ३१ सामन्यांत सरासरी ६.३ इनिंग येतात, स्कीन्सच्या ३२ मध्ये ५.९. जवळजवळ अर्धी इनिंग दर वेळी, म्हणजे बुलपेनमधल्या (रिलीव्हरांच्या ताफ्यातल्या) एका माणसाचं काम स्कूबल स्वतः उरकतो. स्कीन्सचा ईआरए २०२४ मध्ये १.९६ आणि २०२५ मध्ये १.९७. पहिल्या दोन हंगामांत असं सातत्य थक्क करणारं आहे, आणि त्याचा २०२५ चा १०-१० हा विजय-पराजयाचा हिशेब त्याच्या विरोधात वापरणं सरळ अन्याय आहे, कारण त्या वर्षी त्याच्या संघाने सर्व संघांत सर्वांत कमी धावा केल्या. सॅव्हंटच्या पानावर हा हिशेब वरच्याच ओळीत दिसतो, तो ओलांडून पुढे जा. फिलाडेल्फियाच्या क्रिस्तोफर सांचेझने २०२ इनिंग २.५० ईआरएने टाकल्या. तिसऱ्या जागेसाठी क्रोशेसोबत त्याचं नाव घ्यावंच लागेल.

नवीन हंगाम सुरू झाला की पहिल्या आठवड्यांत पट्ट्यांकडे बघूच नका. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ७० बॅटरनंतर बोलू लागतं, म्हणजे तीन सामने. वॉकचं सुमारे १७० नंतर, म्हणजे सात. होम रनला तर पूर्ण हंगामही कमी पडतो. पहिल्या दोन सामन्यांत ज्यावर भरवसा ठेवता येतो तो फक्त वेग. गेमफीड उघडा, फास्टबॉलची सरासरी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावा. एप्रिलमध्ये अर्धा मैल कमी असणं नेहमीचं आहे. दीड-दोन मैल कमी असेल आणि दुसऱ्या सामन्यातही तसंच राहिलं, तर खांदा किंवा कोपर यांची बातमी यायच्या आधी ती तुम्हाला या तक्त्यात दिसलेली असेल.